गोळीने धूर विझत नाही

आंबेगाव तालुक्यातल्या पारगावात भीमाशंकर सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात आणि त्यांच्यासमोर चुली पेटतात. ऊस तुटलेल्या फडात कुणी पाचटही पेटवतो. मग खोकणाऱ्याला सल्ला मिळतो : हळदीची, अँटिऑक्सिडंटची गोळी घ्या, फुफ्फुसे साफ होतील. हा सल्ला खोडून काढलाच पाहिजे.

त्यातला खरा भाग आधी मान्य करू. फुफ्फुसाच्या वायुकोशांत मॅक्रोफेज नावाच्या रक्षक पेशी असतात. धुराचे कण गिळताना त्यांच्यात ऑक्सिजनची दाहक संयुगे वाढतात, एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन जागे होते, दाहाचे संदेश सुटतात आणि रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी तिथे धावतात. प्रयोगशाळेत अशा पेशींवर हळदीतले करक्युमिन किंवा एन-ॲसिटिलसिस्टीन हे अँटिऑक्सिडंट औषध घातले की हे संदेश मंदावतात.

पण बशीतली पेशी औषधात बुडालेली असते. खाल्लेले करक्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. शिवाय हीच दाहक संयुगे जंतूंनाही मारतात. ती जन्मतः तयार न होणाऱ्या मुलांना वारंवार गंभीर संसर्ग होतात. मग दाह सरसकट दडपण्यात कसले आरोग्य? फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ साली निष्कर्ष आले : बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त! अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली.

फुफ्फुसाकडे स्वतःचे अँटिऑक्सिडंट, ग्लुटाथिओन, असते. वायुकोशांवरच्या द्रवात ते रक्तद्रवाच्या शंभरपटीहून अधिक असते. रोजचा धूर या संरक्षणावरच घाला घालतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले होते, की लाकूड-शेणी-पाचटाचा धूर हे सीओपीडीचे (फुफ्फुसांच्या जुनाट, श्वास अडवणाऱ्या आजाराचे) जगातले सर्वांत मोठे कारण असू शकते. बिडीला हात न लावलेल्या बाईला धाप लागते ती यामुळे.

म्हणून खर्च आणि आग्रह दोन्ही धुरावर वळवा. पाचट न जाळता कुट्टी करून सरीत दाबा, जमिनीलाही सेंद्रिय कर्ब मिळेल. कोपीवर गॅस पोहोचवण्याची जबाबदारी ऊस नेणाऱ्यांनी घ्यावी. धाप लागणाऱ्याची स्पायरोमेट्री, म्हणजे श्वासाची तपासणी, करून घ्या. डॉक्टरांनी एन-ॲसिटिलसिस्टीन दिले असेल तर ते मनाने बंद करू नका, आणि दुकानातून मनाने सुरूही करू नका.