एका मणक्याचा फरक

आमच्या परसवाड्याकडे कुणी झाडावरून किंवा छतावरून पडलं की घरचे आधी विचारतात, "चालता येईल ना?" त्याआधी विचारायला हवं, "मार नेमका कुठे बसला?"

मेंदूचा निरोप मज्जारज्जूतून खाली जातो. इजा जिथे होते, तिथून खालचा ताबा जातो. इजा अपूर्ण असेल तर काही उरतो. मानेत तर एकेका पातळीने आयुष्य बदलतं. तिसऱ्या ते पाचव्या पातळीच्या नसा श्वासपटल चालवतात, म्हणून त्याच्या वर पूर्ण इजा झाली की व्हेंटिलेटर लागतो. पाचवी शाबूत असेल तर कोपर वाकतो. सहावी असेल तर मनगट वर उचलता येतं, आणि गंमत अशी की मनगट उचललं की बोटं आपोआप मिटतात! तेवढ्यावर लोक पेला धरायला शिकतात. सातवी राहिली तर कोपर ताठ होतो. म्हणजे खाटेवर हात रेटून, अंग उचलून, स्वतः चाकाच्या खुर्चीत बसता येण्याची शक्यता बरीच वाढते.

मार छातीच्या खाली असेल तर दोन्ही हात पूर्ण आपले. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. 'चंदू चॅम्पियन' तुम्ही पाहिलाच असेल. पुण्याजवळ खडकीला 1974 पासून अशा जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे. तिथे हात गेलेले काही जण तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात.

पण पदकाच्या गोष्टींत लघवीची नळी आणि पाठीवरच्या जखमा येत नाहीत. पातळी कोणतीही असो, हा त्रास बहुतेकांना असतोच. कातडीला दुखणं कळत नाही, म्हणून झोपलेल्या माणसाची कूस साधारण दर 2 तासांनी बदलावी लागते. आणि सातवी पातळी वाचूनही घराला उंच उंबरठा आणि संडास अंगणापलीकडे असेल, तर ती वाचून काय उपयोग? सुताराला आणि गवंड्याला डॉक्टरांइतक्याच लवकर बोलवा, असं मी तरी म्हणेन.

आणि हो, पडलेल्याला हातपाय धरून उचलू नका, बसवू नका, पाणी पाजायला मान वाकवू नका. 108 ला फोन करा. हलवणं भागच असेल तर चौघांनी मिळून, डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, सपाट फळीवर घ्या.