"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या"

रोजंदारी बुडवून रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला हे ऐकवायचं, आणि दुकानदाराने शिव्या खायच्या. सिस्टिम बनवणारे, तिचं बिल पास करणारे मात्र कुठेच दिसत नाहीत.

केंद्राने 2017 मध्येच राज्यांना लेखी कळवलंय की अंगठा जुळला नाही, नेटवर्क नसलं तरी धान्य नाकारू नका; रेशनकार्ड, आधारकार्ड बघून द्या, रजिस्टरला नोंद करा. तुमच्या दुकानात ते रजिस्टर कुणी पाहिलंय?

"मशीन कसं चुकेल?" म्हणणाऱ्यांनी ब्रिटनचं पोस्ट खातं बघावं. 'होरायझन' सॉफ्टवेअर 1999 पासून आलं. हिशोबात तूट ते दाखवायचं, चोर पोस्ट चालवणारे ठरायचे. कितीतरी जणांना सांगितलं गेलं, असा प्रॉब्लेम फक्त तुम्हालाच येतोय! (ओळखीचं वाटतंय ना?) 2015 पर्यंत 900 हून जास्त लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. सॉफ्टवेअरमध्येच दोष होते हे हायकोर्टाने 2019 ला सांगितलं, शिक्षा रद्द करणारा कायदा यायला 2024 उजाडलं.

सॉफ्टवेअर बिघडणारच, त्याचा राग नाही. बिघडल्यावर माणसाला हाकलून देतात, राग त्याचा आहे.

पुढच्या वेळी "उद्या या" ऐकलं की रजिस्टर मागा. नाही दिलं तर तारीख, वेळ, दुकान नंबर लिहून तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या, पोच घ्या. हक्काचं धान्य मिळालं नाही तर भत्ता द्यायची तरतूद अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 8 मध्ये आहे, अर्जात तेही टाका.