आधी अर्ज तरी वाचा!

मागच्या पंधरवड्यात भाचेसून चार दिवस राहायला आली होती. ती अकाउंट्सवाली. लेकासाठी तीन वर्षं घरी थांबली, आता पुन्हा नोकरी शोधतेय. सकाळी पोळ्या करताना तिचा मोबाईल वाजला. हात पिठाचे, म्हणून तिनं स्पीकर लावला. (चोरून ऐकलं नाही हो, मी ओट्याशीच उभी होते!)

नोकरभरती करणाऱ्या कुठल्याशा एजन्सीतली मुलगी होती. नाव चुकीचं उच्चारलं, ते जाऊ दे. पहिला प्रश्न, "सध्या कुठे काम करता?" अर्जाच्या वरच्याच ओळींत लिहिलंय की तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडली. मग, "जावावर किती वर्षं काम केलंय?" ही म्हणाली, "अहो, मी हिशेबाचं काम करते. टॅली, जीएसटी..." पलीकडे नुसती खटखट. मग, "घरी मुलाला कोण सांभाळणार?" भाच्याला आजवर कुणी हे विचारलेलं मला आठवत नाही. भरतीत बाई म्हणून भेदभाव करू नये, हे १९७६ च्या समान वेतन कायद्यात लिहिलेलं होतं. पण त्या मुलीला ते सांगणार कोण? शेवटी "कळवतो" म्हणून फोन बंद.

माझा राग त्या मुलीवर नाही. आवाजावरून बावीस-तेवीसची असेल. कानाला हेडफोन लावून, हातात यादी देऊन तिला बसवलं असेल आणि दिवसाला इतके फोन झाले पाहिजेत असं बजावलं असेल. संगणकावरचं कुठलं बटण दाबायचं तेवढं दाखवलं असेल. अर्ज कसा वाचायचा, प्रश्न कसा विचारायचा, समोरच्याला बोलू कसं द्यायचं, हे कुणी शिकवलं? तिला न शिकवता बसवणाऱ्यांना मला जाब विचारायचाय.

मी १९७३ साली बी.एड. केलं. पाचवीच्या वर्गापुढे पस्तीस मिनिटं उभं राहायचं, तर आधी पाठाचं टाचण काढायचं, ते तपासून घ्यायचं, आणि मागच्या बाकावर मार्गदर्शक वही घेऊन बसलेले! एकदा शेरा मिळाला, "प्रश्न विचारून उत्तर स्वतःच देता." रडले होते, पण ती खोड गेली. दुसऱ्याच्या मुलाला कविता शिकवायला एवढी तयारी, आणि दुसऱ्याची भाकरी ठरवायला काहीच नको?

आता स्वतःचंही सांगते. ऐंशीच्या दशकात शाळेच्या निवड समितीवर मी होते. एकाला गाव विचारलं, एकीला आवडता लेखक, एकाशी नुसत्याच गप्पा. गोड बोलणाऱ्या एका गृहस्थांना घेतलं आणि खेड्यातून आलेल्या, अडखळत बोलणाऱ्या मुलीला परत पाठवलं. त्या गृहस्थांना सहावीचा वर्ग सहा महिने आवरला नाही. पुढच्या खेपेला मुख्याध्यापकांनी सगळ्या उमेदवारांना एकच पाठ घ्यायला लावला, आम्ही मागे बसून ठरलेल्या मुद्द्यांवर गुण दिले. निवड चांगली झाली. त्या मुलीचा चेहरा मात्र मला अजून आठवतो.

हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही. श्मिट आणि हंटर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. सगळ्यांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या पद्धतीनं गुण दिले, तर पुढचं काम कसं होईल याचा अंदाज गप्पांच्या मुलाखतीपेक्षा चांगला येतो, असं त्यात निघालं. २०२२ साली सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ते आकडे पुन्हा तपासले. आकडे खाली आले, पण अशी बांधीव मुलाखत सगळ्या पद्धतींत वरच्या नंबरावर गेली. म्हणजे ही कला शिकवता येते! त्यासाठी उपजत माणूस ओळखणारा डोळा लागत नाही.

भाचा म्हणतो, "मावशी, तुला कल्पना नाही. एका जागेला शेकड्यांनी अर्ज येतात, वेळ कुठाय?" अरे, आम्ही एकेका वर्गाच्या साठ वह्या तपासायचो, तेही घरी आणून. आणि हल्ली चाळणी संगणकच लावतो ना? मग माणसाकडे उरलं काय, तर बोलणं. तेवढं तरी धड शिकवा! आठवडाभर जुन्या जाणत्याच्या शेजारी बसवा. नंतर तिचे दहा फोन मागे बसून ऐका, शेरे लिहा, तिच्याशी त्यावर बोला. फोन किती झाले हे मोजता, तसं किती जणांना "नाही" म्हणून कळवलं हेही मोजा. नकाराच्या दोन ओळी लिहायला कितीसा वेळ लागतो!

त्या "कळवतो"ला आज बारा दिवस झाले. काल फोनवर विचारलं, तर भाचेसून हसून म्हणाली, "मावशी, तुम्ही अजून वाट बघताय?"