तह करतांना रयतेला कोण विचारतो ?

ता. ४ सप्टेंबर १९९८ रोजीं भारत सरकार व मॉरिशसचें सरकार यांच्यांत एक तह झाला. एका देशाच्या माणसानें दुसऱ्या देशांत भांडवल घातलें तर तें तेथील सरकारनें बुडवूं नये, आणि तंटा पडलाच तर तो तेथल्या कोर्टाबाहेर, परक्या पंचांपुढें नेण्याची त्याला मुभा असावी, असा त्याचा मतलब. त्या दिवशीं वेलदूरच्या कोळणीनें डोईवरची टोपली खालीं ठेवली नाहीं कीं अंजनवेलच्या कुणब्यानें भातखाचरांतून मान वर केली नाहीं. तह झाल्याचें येथें कोणाला कळलेंच नाहीं. सात वर्षांनीं त्याची किंमत मोजण्याची पाळी आली, ती मात्र आमच्याच गांवच्या कारखान्यापायीं.

तह हा शब्द या किनाऱ्याला नवा नाहीं. १७५५ सालीं पेशव्यांनीं तुळाजी आंग्र्याला मोडण्यासाठीं मुंबईच्या इंग्रजांशीं करार केला. इंग्रजांच्या आरमारानें सुवर्णदुर्ग घेतला, पुढच्या सालीं विजयदुर्गांत आंग्र्याचें आरमार जळालें, आणि बाणकोटचा किल्ला भोंवतालच्या गांवांसह इंग्रजांच्या पदरांत पडला. घरचें भांडण मिटवायला परका पंच बोलावला, आणि पंचच ओटीवर बसला. बाणकोटच्या रयतेला विचारलें होतें काय ? पण तें राजेशाहीचें राज्य होतें, तेथें विचारण्याचा रिवाजच नव्हता. आतां राज्य रयतेचें आहे असें आपण शाळेंत मुलांना शिकवितों, म्हणून प्रश्न करावा लागतो.

आतां कारखान्याची हकीकत. नांव पलीकडच्या तीरावरील दाभोळचें, जमीन अलीकडच्या अंजनवेल-वेलदूरची. १९९३ सालीं अमेरिकेच्या एन्रॉन, जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल या कंपन्यांच्या दाभोळ वीज कंपनीनें राज्य वीज मंडळाशीं वीजखरेदीचा करार केला. मंडळानें पैसे थकविले तर राज्य सरकार जामीन, आणि राज्यानें थकविले तर दिल्लीचें सरकार जामीन. कुळानें कर्ज काढावें, भावानें जामीन राहावें व बापानें भावाला जामीन राहावें, असा हा सावकारी कागद होता. शिवाय तंट्याची जागा लंडन. मे १९९९ मध्यें वीज सुरू झाली, मंडळाला ती परवडेना, मे २००१ मध्यें खरेदी थांबली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत खुद्द एन्रॉनचेंच अमेरिकेंत दिवाळें वाजलें.

येथें मॉरिशसची मेख कळते. अमेरिका व भारत यांच्यांत भांडवल-रक्षणाचा असा तह नव्हता. पण जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल यांनीं आपला पैसा मॉरिशसमध्यें नोंदलेल्या कंपन्यांच्या मार्फत आणला होता. तेव्हां दावा लावतांना त्या मॉरिशसच्या झाल्या ! माझ्या वर्गांतल्या नकाशावर मॉरिशस दाखवायला मला खडूचें टोंक घांसून बारीक करावें लागतें. एका मुलानें विचारलें, "गुरुजी, एवढ्याशा बेटावरून एवढे पैसे आले कुठून ?" मी त्याला म्हणालों कीं पैसे बेटावरून आले नाहींत, बेटावरून फक्त फिरून आले. पैसे घालणाऱ्या व उसने देणाऱ्या इतर परक्या बँका-मंडळींनींही ब्रिटन, फ्रान्स, नेदरलँड्स, स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया अशा आपापल्या दारानें दावे आणले. आणि गाऱ्हाणें काय, तर आपल्या वीज नियामक आयोगानें व न्यायालयांनीं लंडनची लवादी थोपविली हें ! आपल्या घरच्या कोर्टानें हुकूम देणें हाच परक्या पंचांपुढें आपला गुन्हा ठरूं पाहत होता.

मूळ करारांखालच्या पंचांनीं एप्रिल २००५ मध्यें महाराष्ट्र सरकार व वीज मंडळ यांच्याविरुद्ध निकाल दिला. तहाखालचा दावा निकालास जाण्यापूर्वींच त्या सालच्या जुलैंत तडजोड झाली. जनरल इलेक्ट्रिकला साडेचौदा कोटी डॉलर व बेक्टेलला सोळा कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावानें तेराशें कोटी रुपयांच्या घरांत.

याच्या शेजारीं दुसरा कागद ठेवून पाहा. ता. ३ जून १९९७ च्या पहाटे वेलदूरांत पोलीस शिरले आणि घरांतून बायकांना ओढून लाठ्या घातल्या. हें मी मनचें सांगत नाहीं. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेनें त्याच सालीं व ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनें १९९९ सालीं येथल्या दडपशाहीवर अहवाल छापले आहेत. भांडवलाला ओरखडा उठला तर पंच बसविण्याची सोय तहांत होती. कोळणीच्या पाठीवरच्या वळासाठीं कोणत्या तहांत कलम आहे ?

कायदेपंडित म्हणतील, तह करणें हा राज्यकारभाराचा भाग, तो गुप्तपणें व झटपट करावा लागतो, चावडीवर बोलून होत नाहीं. वाटाघाट गुप्त असावी हें मलाही पटतें. बैलाचा सौदासुद्धां आपण रुमालाखालीं बोटें धरूनच करतों. पण सौदा ठरल्यावर रुमाल काढतात कीं नाहीं ? अमेरिकेंत तहाला सेनेटच्या दोन-तृतीयांश मतांची मान्यता लागते. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टांत, केंद्राच्या यादींत, चौदावी बाब तह करण्याचीच आहे. पण तह कसा करावा, सभागृहापुढें केव्हां ठेवावा, याचा कायदा संसदेनें आजवर केलेला नाहीं. बेरूबारीच्या प्रकरणांत १९६० सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं देशाची भूमि परक्याला द्यावयाची तर घटनादुरुस्ती पाहिजे. कच्छच्या सीमेच्या प्रकरणांत १९६९ सालीं सांगितलें कीं नुसती हद्द ठरविण्याला ती नको, मात्र नागरिकांच्या हक्काला बाध येत असेल किंवा कायदा बदलत असेल तर संसदेचा कायदा पाहिजे. आतां मॉरिशसचा तह पाहा. त्यानें वीतभर जमीन दिली नाहीं, एकही कायदा बदलला नाहीं, म्हणून सभागृहाच्या मान्यतेवांचून चालला. फक्त तिजोरीवर बोजा चढविला. जमिनीला घटना राखते आणि तिजोरीला कोणी नाहीं, हा कुठला न्याय ? तिजोरी काय दिल्लीच्या सोनारानें घडविलेली आहे ?

समुद्राचीही तीच गत. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या यादींत आणि त्यापलीकडची केंद्राच्या. कोळ्याचें जाळें ही रेघ ओळखत नाहीं, पण जिनिव्हाचे मुत्सद्दी ओळखतात. जून २०२२ मध्यें जागतिक व्यापार संघटनेंत मासेमारीच्या सरकारी मदतीवर एक तह ठरला. जादा मासेमारीला हातभार लावणाऱ्या मदतीचा उरलेला भाग २०२४ सालीं अबूधाबीच्या परिषदेंत अडला. गरीब देशांना २५ वर्षांची सवलत मिळावी असें आपल्या सरकारचें मागणें, तें रास्त आहे. पण ज्याच्या डिझेलच्या परताव्यावर उद्यां गदा येईल, त्या होडीवाल्याला या मागण्याचा मराठी कागद कोणी दिला ?

सरकार शिकलें नाहीं असें मी म्हणत नाहीं. नव्या नमुन्याप्रमाणें परक्या पंचांकडे जाण्यापूर्वीं पांच वर्षें आपल्या कोर्टांत झगडावें असें ठरलें, आणि मॉरिशससह बहुतेक जुने तह २०१७ च्या सुमारास मोडीत काढण्यांत आले. बरें झालें. परंतु २०२४ सालीं संयुक्त अरब अमिरातीशीं झालेल्या तहांत त्या पांचांची तीन वर्षें झाली. कां झाली, याची चर्चा तह होण्याआधीं तुमच्या-आमच्या गांवीं कोणी ऐकली ?

माझें मागणें थोडें आहे. चौदाव्या बाबीखालीं कायदा करून प्रत्येक तह मंजुरीपूर्वीं संसदेपुढें ठेवावा. ज्याचा बोजा राज्यावर पडणार त्या राज्याच्या विधानसभेचें मत घ्यावें. आणि त्याचा मराठी तर्जुमा जिल्हा कचेरींत वाचावयास मिळावा. आपल्या खासदारांना एवढें एक पत्र लिहावयाला पोस्टाच्या पाकिटापलीकडे खर्च नाहीं. अमिरातीच्या तहाचा गोषवारा मीं फळ्यावरच्या अक्षरांत चार पानांवर उतरून ठेवला आहे. १ मेच्या ग्रामसभेंत तो वाचण्यास सरपंचांची ना नसावी. ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांना मी वाचून दाखवीन.

— एक शाळामास्तर, अंजनवेल