ठेंगण्या घोड्यांची पागा

अमेरिकेत ‘मिनिएचर हॉर्स’ ह्या नावाने जे ठेंगणे घोडे हौसेने पाळण्यात येतात, त्यांची चित्रे पाहून आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस कौतुक वाटले असेल. १९७८ साली स्थापन झालेल्या ‘अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशन’च्या नियमाप्रमाणे अशा घोड्याची उंची, आयाळीच्या शेवटच्या केसांपाशी मोजली असता, ३४ इंचांहून अधिक भरता कामा नये. एवढ्याशा प्राण्याकरिता पागा बांधावयाची, तर बाहुलीच्या घराप्रमाणे सारेच आखडून घ्यावे असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. परंतु कोणते माप आखडावे व कोणते आखडू नये, ह्या विवेकावरच त्या मुक्या जिवाचे आरोग्य अवलंबून असते.

ठेंगणेपणाचा लाभ मनुष्याने पूर्वी कसा घेतला, हे ध्यानी धरण्याजोगे आहे. १८४२ च्या कायद्याने ब्रिटनमधील खाणींत स्त्रियांस व दहा वर्षांखालील मुलग्यांस जमिनीखाली राबविण्याची मनाई झाली. त्यानंतर कोळशाच्या गाड्या ओढण्यास तट्टांचा उपयोग वाढला, आणि जेथे बोगदे फार बुटके तेथे शेटलंड बेटांवरील तट्टे नेण्यात आली. पुष्कळ ठिकाणी त्यांचे तबेलेही खाणीतच असत. तो प्राणी तेथे मावतो, एवढीच त्याची पात्रता पाहिली गेली. हौसेच्या पागेत तरी तसे घडू नये.

प्रथम आखडण्याजोग्या गोष्टी पाहू. मोठ्या घोड्यास बारा फूट लांब व बारा फूट रुंद खण लागतो. ह्यास आठ फुटी चौरस खण बहुधा पुरतो. गव्हाण व पाण्याची बादली त्याच्या छातीच्या उंचीस हवी. दोन खणांमधील आडभिंतही ठेंगणीच असावी. कारण घोडा हा कळपात राहणारा प्राणी असून शेजारी दिसेनासा झाला की तो अस्वस्थ होतो. कुंपणास दोन इंच रुंद व चार इंच उंच घरांची जाळी लावावी. मोठ्या घोड्यांच्या कुंपणातील फटींत ह्याचा चिमुकला खूर अडकतो, आणि त्याच फटींतून मोकाट कुत्री आत शिरून त्यास जायबंदी करितात.

आता न आखडण्याच्या गोष्टी. छप्पर मोठ्या घोड्याच्या पागेइतकेच उंच ठेवावे. वळचणीखालून ताजी हवा आत यावी व उष्ण, दमट हवा आढ्यापाशी ठेविलेल्या मोकळ्या जागेतून बाहेर पडावी, अशी योजना हवी. मूत्राने भिजलेल्या अंथरणातून अमोनिया वायू सुटतो व फुप्फुसांस अपाय करितो. तो जमिनीलगत अधिक साचतो, आणि ह्या घोड्याचे नाक तर जमिनीपासून हातभरच उंच! उभ्या असलेल्या धन्यास जो दर्प जाणवत नाही, तो त्या प्राण्यास रात्रभर हुंगावा लागतो. ह्यास्तव धन्याने रोज सकाळी खणात गुडघे टेकून एकदा श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले, तर अंथरण तत्काळ बदलावे. जमीन मुरूम ठोकून निचऱ्याची करावी व वर रबराच्या चटया घालाव्या. अंथरणास लाकडाचा भुसा चालतो. मात्र काळ्या अक्रोडाचा मुळीच नको, कारण त्यायोगे खुरांच्या आत दाह होऊन घोडा लंगडा होतो.

तसाच दाह अतिखाण्यानेही होतो. ही जात लवकर लठ्ठ होते. वजनाच्या शंभर भागांस दीड ते दोन भाग सुके गवत, म्हणजे २५० पौंडांच्या घोड्यास दिवसाकाठी चार ते पाच पौंड, इतका चारा बहुधा पुरे होतो. धान्याच्या कोठीस बळकट कडी नसेल, तर एका रात्रीची मेजवानी त्याच्या जिवावर बेतू शकते. उलटपक्षी, लठ्ठ घोड्यास एकाएकी उपाशी ठेविल्यासही त्याच्या रक्तात चरबी वाढून तो दगावू शकतो. तेव्हा आहार पशुवैद्याच्या सल्ल्यानेच कमी करावा. गवताची गंजी पागेपासून दूर असावी. ओलसर गवत आतून तापून आपोआप पेटते, हे आपल्या शेतकऱ्यांसही ठाऊक आहे. विजेच्या तारा लोखंडी नळीतून व दातांच्या आवाक्याबाहेर न्याव्या.

खर्चाचा क्रमही ह्यावरूनच ठरावा: आधी हवा, निचरा व कुंपण, रंगरंगोटी व नावाच्या पाट्या मागाहून. आणि खण बांधावयाचे ते दोन, एक नव्हे. ज्यांस दोन घोडे पोसण्याचे सामर्थ्य नाही, त्यांनी पागेचा पाया खणण्यापूर्वीच ह्या हौसेचा फेरविचार करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.