‘बकवास’ हा अभिप्राय नव्हे

आपल्या घरांत गेल्या काही वर्षांत एक शब्द फार मातला आहे. चित्रपट बकवास, भाजी बकवास, मंत्र्यांचे भाषण बकवास आणि मंडळाच्या कार्यक्रमात कोणी धीर करून वाचलेली कविताही बकवास! ‘बकना’ या हिंदी क्रियापदावरून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ निरर्थक बोलणे एवढाच आहे. भाजी काही बोलत नाही, तरी तिलाही तो चिकटला. नाम होते, त्याचे विशेषण झाले. आणि आता तर ते सर्व विशेषणांची जागा अडवून बसले आहे.

माझी तक्रार या शब्दाच्या कुळाबद्दल नाही, हे आधीच स्पष्ट करतो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे पिढ्यान्पिढ्या नांदलेल्या आपण मंडळींनी परभाषेचे सोवळे पाळावे, हे हास्यास्पद होईल. शिवकालात राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले गेले. तरीही अर्ज, फिर्याद, जमीन, कागद हे शब्द मराठीत सुखाने राहिले. आपल्या बडोद्यात जन्मलेल्या माधव जूलियनांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश प्रसिद्ध केला आणि पुढे भाषाशुद्धीचा पुरस्कारही तेवढ्याच हिरिरीने केला. परभाषेचा व्यासंग आणि स्वभाषेची काळजी एकाच ठायी असू शकतात. शिवाय हिंदीतही प्रलाप, अनर्गल, ऊटपटाँग असे निरनिराळ्या छटांचे शब्द आहेत. आपण ते सोडून दिले आणि एकच शब्द उचलला. हा दोष हिंदीचा नाही, आपल्या आळसाचा आहे.

मराठीत या एका विषयासाठी किती शब्द आहेत, ते पाहावे. तापात माणूस बरळतो. रिकामटेकडा बडबडतो. मुद्दा दोन ओळींचा असून वक्ता तासभर बोलला, तर ते पाल्हाळ किंवा चऱ्हाट. पाच जणांची बैठक निर्णयावाचून लांबली, तर ते चर्चेचे गुऱ्हाळ. दूध न देणारी गाय भाकड, तशी हाती काही न देणारी गोष्ट भाकडकथा. खोटे ठाऊक असून ठोकून दिले, तर ती थाप; अंगी बळ नसता फुशारकी मारली, तर ती वल्गना. विनोद हीन असेल तर तो पाचकळ, आणि विद्वानाने अज्ञानाचे प्रदर्शन केले तर त्याने मुक्ताफळे उधळली. हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. थाप मारणारा खोटारडा असतो, पाल्हाळ लावणारा बहुधा सज्जन असतो. दोघांनाही ‘बकवास’ म्हटले, की खोटारडा सुटतो आणि सज्जनावर अन्याय होतो.

शासकीय सेवेत मी अनेक वर्षे अर्जांवर टिपणी लिहिली. अर्ज अपूर्ण असेल तर तो पूर्ततेसाठी परत जातो. अस्पष्ट असेल तर खुलासा मागवला जातो. विषय आपल्या खात्याचा नसेल तर तो संबंधित खात्याकडे पाठवला जातो. आणि निराधार असेल तरच तो अमान्य होतो. चार शब्द, चार निराळ्या कारवाया. एखाद्या लिपिकाने सर्वांवर सरसकट ‘निरर्थक’ असा शेरा मारला असता, तर ज्याचा केवळ एक दाखला राहिला होता त्या विधवेचा अर्जही केराच्या टोपलीत गेला असता. दोषाचे नाव नेमके ठरले, तरच त्यावरचा उपाय ठरतो.

आपल्या पूर्वसूरींना हे चांगले ठाऊक होते. न्यायदर्शनात वादात पराभव ठरवणारी २२ निग्रहस्थाने सांगितली आहेत. त्यांत नुसती अक्षरे उच्चारणे ते निरर्थक. तीनदा सांगूनही सभेला व प्रतिपक्षाला कळत नाही ते अविज्ञातार्थ. सुट्या शब्दांना अर्थ आहे पण त्यांचा परस्परांशी संबंध नाही ते अपार्थक. विषय सोडून भलतीकडे जाणे ते अर्थांतर. तेच ते पुन्हा सांगणे ते पुनरुक्त. प्रतिपक्ष काहीतरीच बोलतो आहे, एवढे म्हणून वाद जिंकता येत नव्हता. कोणता दोष घडला, ते दाखवावे लागे.

यावर एक आक्षेप हमखास येतो : मुले निदान मराठीत बोलतात, हेच पुष्कळ आहे, शब्दांची छडी उगारलीत तर तेवढेही बोलणार नाहीत. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच माझा रोख मुलांवर नसून आपणा वडीलधाऱ्यांवर आहे. ‘मी बाजारात जाऊन राहिलो आहे’ असे नातू म्हणतो, तेव्हा आजोबा कडाडतात, ‘काय बरळतोस!’ तो मुळीच बरळत नसतो. त्याचे म्हणणे पूर्णपणे कळलेले असते. फक्त वाक्याची घडण हिंदी वळणाची असते. ‘जातो आहे’ एवढे हळूच सांगितले तर काम भागते. त्याऐवजी त्याचे सारे बोलणेच अर्थशून्य ठरवले, की तो पुढचे वाक्य हिंदीत बोलतो, आणि काही वर्षांनी आजोबांच्या पानिपताच्या आणि होळकरशाहीच्या आठवणींना ‘बकवास’ म्हणून मोकळा होतो. त्याला तो न्याय आपणच शिकवलेला असतो. आपल्यासारख्या, चहूबाजूंनी दुसऱ्या भाषेने वेढलेल्या समाजात मराठी टिकते ती दिवाणखान्यातील अशा दोन-चार वाक्यांवर. तीच तुटली, तर संमेलने भरवून काय साधणार?

सभांतही हेच चालते. नवा लेखक कथा वाचतो, मागच्या रांगेतून एक शब्द येतो आणि चर्चा संपते. कथा लांबली होती, असंभाव्य होती, की उसनी होती? लेखकाला काहीच कळत नाही, आणि बोलणाऱ्यालाही विचार करण्याचे कष्ट पडत नाहीत. अशा अभिप्रायाला उत्तर देता येत नाही, म्हणून तो अभिप्रायच नव्हे.

तेव्हा शब्दावर बंदी घालावी, असे मी म्हणत नाही. रागाच्या भरात तो तोंडून निघेल, निघू द्यावा. मात्र घरात असो वा सभेत, कोणी ‘बकवास’ म्हटले की लगेच विचारावे : म्हणजे खोटे, की लांबलेले, की असंबद्ध, की केवळ आपल्याला न पटलेले? बहुतेक वेळा उत्तर शेवटचे असेल. आणि न पटलेल्या गोष्टीला निरर्थक म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.