फावला वेळ म्हणजे नेमका कुठला हो?

‘फावल्या वेळात शिवते.’ मंडळी, हे वाक्य मराठीतून हद्दपार करावं असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या नात्यातले निम्मे लोक हे वाचतात (आणि उरलेल्या निम्म्यांना वाचून दाखवतात) हे पूर्ण ठाऊक असूनच लिहायला बसले आहे. कुणाला टोचलं तर टोचू दे. विषयच सुईचा आहे.

आमची सून घरी पिशव्या आणि लहान मुलांच्या टोप्या शिवते. मागची गॅलरी बंद करून एक खोली काढली, त्यात दोन मशिनं, कापायचं मोठं टेबल आणि कापडाचं कपाट. नात त्या खोलीला ‘आईचा स्टुडिओ’ म्हणते. पाहुण्यांत हा शब्द निघाला की हमखास हसू फुटतं. का हो? डॉक्टरने पुढच्या खोलीत दोन खुर्च्या टाकल्या की तो दवाखाना. वकिलाने जिन्याखाली कपाट ठेवलं की ते ऑफिस. शिकवणीवाल्याने सतरंजी अंथरली की तो क्लास. आणि हिने चांगली खोली काढून मशिनं मांडली तर ते ‘फावल्या वेळचं शिवण’! सकाळी डबे, दुपारी सासऱ्यांची औषधं, संध्याकाळी लेकीचा अभ्यास, यात वेळ फावतो कुठे ते मला तरी दिसलेलं नाही. ती वेळ काढते. फावणं वेगळं आणि काढणं वेगळं. मराठी शिकवण्यात जन्म गेला माझा, एवढा फरक सांगायचा हक्क मला आहे.

आता हिशेब मांडते. अस्तराची, चेनची, तळ बसवलेली एक खांद्यावरची पिशवी घ्या. बाहेरचं कापड ७० रुपये, अस्तर ३५, मधला कॅनव्हास २५, चेन आणि रनर १५, बंद आणि धागा २५. झाले १७०. आता वेळ. कापड आधी धुवून वाळवावं लागतं, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि अस्तर नाही आटलं तर पिशवी आतून फुगून बसते. मग इस्त्री, आखणं, कापणं, चेन बसवणं, तळाचे कोपरे मोडून शिवणं. बंदाच्या टोकाला चौकोन शिवून त्यात फुली मारायची. दोन किलो कांदे-बटाटे उचलले की सगळा भार तिथेच येतो. मी घड्याळ लावून बसले होते. धुण्या-वाळवण्याचा वेळ सोडून २ तास ४० मिनिटं. शाळेच्या भाषेत साडेचार तासिकांपेक्षा जास्त. तासाला १०० रुपये धरले तर पिशवी जाते ४३७ रुपयांना. ती ४४० लावते.

आणि आपण म्हणतो, “अगं, अडीचशेला दे की, घरचीच आहेस.” अडीचशेतून कापडाचे १७० गेले, उरले ८०. १६० मिनिटांचे ८० रुपये म्हणजे तासाला ३०. वीज, सुया, मशीनचं तेलपाणी त्यातच. घरच्या माणसाला आपण तासाला तीस रुपयांवर ठेवू पाहतो आणि वर त्याला आपलेपणा म्हणतो. तीच मावशी ब्लाउजची शिलाई टेलर सांगेल तेवढी मोजते, कारण टेलरच्या दुकानाला शटर आहे. मॉलमध्ये बिलाच्या शेवटी कागदी पिशवीचे पैसे वेगळे लावले तर तेही निमूट देते. घासाघीस फक्त जिथे चहा मिळतो तिथे.

बरं, तुलना कशाशी होते? “बाजारात कापडी पिशवी वीस रुपयांना मिळते.” ती पिशवी जरा उजेडात धरून बघा हो. बारीक ठिपक्याठिपक्यांची, ताणली की फाटणारी. ती कापडाची नाहीच. ना ताणा, ना बाणा. पॉलिप्रॉपिलीनचे तंतू पसरून उष्णतेने दाबलेले असतात. नॉनवोव्हन म्हणतात त्याला, आणि पॉलिप्रॉपिलीन म्हणजे प्लॅस्टिकच. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली. तेव्हा आपण सगळ्यांनी ‘आता कापडी पिशवी’ असा गजर केला, आणि मग ‘कापडी’ समजून हेच घरी आणलं. पुढे केंद्राच्या २०२१ च्या नियमांत या नॉनवोव्हन पिशव्यांना चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम वजनाची अट घातली गेली, आणि ती प्लॅस्टिक कचऱ्याच्याच नियमांत. कापडाच्या नव्हे! खऱ्या कापडाची पिशवी महाग वाटते कारण समोर खोटं कापड ठेवलेलं आहे.

टोप्यांचं प्रकरण तर आणखी नाजूक. ‘एवढीशी तर टोपी, त्याला काय लागतं?’ एवढीशी आहे म्हणूनच जास्त लागतं! जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो आणि वर्षाचं होईतो तो ४६ च्या आसपास जातो. एका वर्षात अकरा-बारा सेंटिमीटर. माणसाचं डोकं पुन्हा कधी एवढ्या वेगाने वाढत नाही (काहींचं तर त्यानंतर अजिबात वाढत नाही, असो). त्यामुळे ‘अंदाजाने शिव’ चालत नाही. सहा कळ्यांची टोपी घ्या. प्रत्येक कळी दोन मिलिमीटर चुकली तर घेर बारा मिलिमीटर चुकला. टोपी एक तर कपाळावर वळ उठवते नाहीतर डोळ्यांवर येते. शिवण आतून मोकळी ठेवता येत नाही, तिरपी पट्टी लावून झाकावी लागते. टाळूपाशी सहा शिवणी एकत्र येतात, तिथे गाठ राहिली तर बाळ रात्रभर रडतं आणि आई पोटदुखीचं औषध शोधते.

कुंचीचंही तेच. डोक्यावर टोपडं आणि मागे पाठभर सोडलेला पदर, हा आपला फार शहाणा कपडा आहे. एकाच कपड्यात डोकं, कान आणि पाठ झाकली जाते. बारशाला खणाची कुंची हवी म्हणून आता पुन्हा मागणी येते आहे. आम्ही सांगलीकर, गुळेदगुड्डचे खण इथल्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत. पण जरीचा काठ कोवळ्या मानेला टोचतो, म्हणून आतून जुन्या मलमलचं अस्तर हवं आणि गळ्यापाशी काठ उलटा मोडून घ्यायला हवा. हे करायला ती पाऊण तास जास्त घेते आणि फोटोत ते दिसत नाही. फोटोत मोती दिसतात. मोती लावायला मात्र ती साफ नकार देते. दोन दिवसांत बाळ ते उपटून तोंडात घालतं. लांब नाड्यांनाही नकार, गळ्याभोवती गुंडाळतात. यावर गिऱ्हाइकं रुसतात. रुसोत. मोत्यांची कुंची भिंतीवर टांगायला छान असते.

पण मला खरा राग गिऱ्हाइकांचा नाही. गिऱ्हाईक घासाघीस करणारच. राग आहे तो शिवणाऱ्यांतल्याच काहींचा.

दिवाळीआधी कार्यालयांमध्ये प्रदर्शनं भरतात. अशाच एकात मी सुनेसोबत दिवसभर बसले होते. शेजारच्या टेबलावर एक बाई, छान शिकलेल्या, पिशव्या २०० रुपयांना देत होत्या. काम नेटकं होतं, वाईट नव्हतं. मी विचारलं, परवडतं कसं? तर हसून म्हणाल्या, “मला काय यावर घर चालवायचंय? आवड म्हणून करते हो. कापडाचे निघाले की पुष्कळ.” पलीकडच्या टेबलावर दुसरी बाई होती, तिचं घर खरोखरच मशीनवर चालतं. तिने सकाळी ३८० ची पाटी लावली होती. दुपारी तिने स्वतःच्या हाताने ती खोडून २२० केली. संध्याकाळी स्टॉलचं भाडं सुटलं का विचारलं तर काही न बोलता पिशव्या बांधायला लागली.

आवडवाल्या बाईंनी काही पाप केलं असं त्यांना आयुष्यात कधी वाटणार नाही. पण त्यांची ती स्वस्ताई नवऱ्याच्या पगारावर उभी होती. त्याची किंमत भरली ती पलीकडच्या टेबलाने. तुम्हाला पैसे नको आहेत ना? मग पिशवी भाचीला द्या, शेजारणीला द्या, देवळात वाटा, कुणी अडवलंय? देणं ही सुंदर गोष्ट आहे. पण पाटी लावून विकायला बसलात की तुम्ही बाजारात आहात, आणि बाजारात तुमची पाटी शेजारणीच्या ताटापर्यंत पोचते. म्हणूनच ते ‘प्रेमाने बनवलेले’ असं लिहिलेले पुठ्ठ्याचे टॅगही मला आवडत नाहीत. प्रेम घरी ठेवा. टॅगवर कापड कुठलं, अस्तर कुठलं आणि धुवायचं कसं ते लिहा.

कुणी म्हणेल, बाई, तुम्ही फार व्यवहारी झालात, आमच्या आज्या गोधड्या शिवायच्या त्यांनी कधी बिल लावलं? नाही लावलं. घरच्यांसाठी शिवल्या होत्या. पण घरी बसून केलेल्या कामाचा दर ठरवता येतो हे बायकांनी केव्हाच दाखवलेलं आहे. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात जणी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला बसल्या, त्यातून लिज्जत उभं राहिलं. तिथल्या बायका पीठ घरी नेतात, घरी लाटतात, आणि लाटण्याचा दर किलोवर ठरलेला असतो. कुठलीही भगिनी ‘मला नको, आवड म्हणून लाटते’ असं सांगून शेजारणीचा दर पाडू शकत नाही. अहमदाबादला इला भट्टांनी १९७२ साली ‘सेवा’ सुरू केली, तिथे गिरण्यांच्या चिंध्या जोडून खोळी शिवणाऱ्या बायका होत्या. त्याही घरातच बसायच्या. व्यापारी देईल ती मजुरी घ्यायच्या, कारण प्रत्येक जण आपापल्या उंबऱ्याआड एकटी. एकत्र येऊन त्यांनी नगाचा दर मागितला. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी बसून मजुरीवर काम करणाऱ्यांसाठी वेगळा करार केला, १७७ क्रमांकाचा. त्यामागे या बायकांचा मोठा रेटा होता. (भारताने त्या करारावर मोहोर उठवलेली नाही, हेही सांगून ठेवते.) आमची सून कुणा व्यापाऱ्याची मजूर नाही, स्वतःची मालकीण आहे, त्यामुळे तो करार तिला लागू होत नाही. पण घरात केलेलं काम हे काम असतं, हा मुद्दा दोघींचा एकच.

शाळेचंही थोडं सांगते. १९३७ च्या वर्धा योजनेत हस्तोद्योग शिक्षणाच्या मधोमध ठेवला होता. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभव सांगितला. विचार थोर. वर्गात उतरला कसा? मी ज्या शाळेत होते तिथे त्या तासाला मुली शिवणाला आणि मुलगे सुतारकामाला. मुलाने पाट केला की सर म्हणायचे, हात चांगला आहे, कारखाना काढ. मुलीने सुबक झबलं शिवलं की बाई म्हणायच्या, छान, सासरी उपयोग होईल. मी त्या खोलीत यावरून बरेच वाद घातले, वाईटपणाही घेतला. संत नामदेव शिंपी कुळातले याचा आपल्याला अभिमान, मात्र घरातली बाई मशीनवर बसली की ‘वेळ जातो तिचा’. वेळ जात नाही हो. वेळ लागतो, आणि त्याचे पैसे होतात.

तेव्हा नातेवाईक मंडळींनो, यापुढे आमच्याकडे भाव असे: खांद्यावरची पिशवी ४४०, भाजीची साधी बिनअस्तराची १८०, कळ्यांची टोपी २६०, खणाची अस्तराची कुंची ६५०. घरच्यांना आणि बाहेरच्यांना एकच. जुनी साडी तुम्ही दिलीत तर कापडाचे पैसे वजा होतील, शिलाईचे नाहीत. बारशाला आहेर म्हणून मी द्यायची असेल तर मी देईनच, आणि सुनेला तिचे पैसे माझ्या पेन्शनमधून मोजून देईन. गेल्या महिन्यात दोन टोप्यांचे दिलेही. तिने आधी हात मागे घेतला, मग मोजून घेतले.

ताईवन्सं, तुमच्या नातवाचं माप अजून आलेलं नाही. टेप भुवयांच्या जरा वरून आणि मागे डोकं सर्वांत फुगीर असतं तिथून फिरवा, कानांवरून नको, आणि सेंटिमीटरमध्येच कळवा. इंचात कळवलंत की पुन्हा फोन करावा लागतो.